आपली नरोटी, आपलं ताट

‘लिहायचंय खूप, पण सुचतच नाही गं काही!’

हे वाक्य मी या शहरात इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता त्याची रिंगटोन करावी. हिंजवडीच्या कॅबमध्ये, ‘वैशाली’च्या बाहेर टेबलाची वाट बघताना, लग्नातल्या बुफेच्या रांगेत. आपण कॉलम लिहितो हे कळलं की समोरचा माणूस दोन मिनिटांत आवाज खाली आणतो आणि सुरू होतो. दहावीपर्यंत निबंधाला हमखास पैकीच्या पैकी. अकरावीत कवितांची एक वही. मग इंजिनीअरिंग, कॅम्पस, पहिली गाडी, होम लोन... आणि मराठीत सलग लिहिलेली शेवटची गोष्ट म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला टँकरबद्दलचा मेसेज. तोही रोमनमध्ये!

बरं, ही मंडळी आळशी नाहीत. सकाळी सहाला उठून तळजाईला पळतात, रात्री अकराला क्लायंटचा कॉल घेतात. सुचत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा उत्तर जवळपास एकच निघालं. कोरं पान समोर आलं की ते एका दमात तीन गोष्टी मागतं. माणसं शोध, त्यांचं जग उभं कर आणि ते सांगायला भाषा आण. दिवसभर एक्सेलमध्ये घालवलेल्या डोक्याला रात्री साडेदहाला तिन्ही कसं जमणार?

माझा सल्ला अगदी साधा आहे. यातल्या दोन गोष्टी उसन्या घ्या. चक्क उचला. माणसं दुसऱ्याची, जग दुसऱ्याचं. आपली फक्त भाषा आणि आपला एक प्रश्न. याला जगात फॅन फिक्शन म्हणतात.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी झटपट फंडा. एखादी गोष्ट आपल्याला इतकी आवडते की ती संपली हेच पटत नाही. मग मूळ लेखकाने जे सांगितलं नाही ते आपण लिहायचं. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकनेलिया’ नावाचा स्वतःचा अंक काढला, तिथून या प्रकाराला आजचं रूप आलं असं मानतात. मग हॅरी पॉटर आला आणि पोरासोरांनी जगभर धुमाकूळ घातला. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ ही आधी ‘ट्वायलाइट’ची फॅन फिक्शन होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. (नसेल तर दोन्ही वाचू नका, काही अडत नाही.) आणि ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांनीच चालवलेल्या संग्रहाला २०१९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा हा प्रकार टाइमपास म्हणून उडवून लावणं जरा अवघड झालं.

पण हे सगळं पुण्यात सांगितलं की एक काका हमखास भेटतात. चष्मा नाकावर, हातात पिशवी. ‘दुसऱ्याचं कशाला? स्वतःचं काहीतरी लिहा की!’

काकांना मी लॉ कॉलेज रोडवर घेऊन जाते.

तिथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आहे. या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पूर्ण केलं. सत्तेचाळीस वर्षं! डॉ. वि. स. सुकथनकरांसारखे विद्वान देशभरातून आलेली १२५९ हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघत होते. जुनं कुठलं आणि मागाहून कुणी घुसडलेलं कुठलं? घुसडलेल्याला त्यांचा शब्द आहे ‘प्रक्षिप्त’. हे प्रक्षिप्त फेकून मात्र दिलं नाही. ते व्यवस्थित तळटीपांत आणि परिशिष्टांत लावून ठेवलं.

आता गंमत बघा. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय, हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे ना? ते मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलायला येतो आणि द्रौपदी ‘सूतपुत्राला वरणार नाही’ म्हणते, हा प्रसंगही मुख्य संहितेबाहेर गेलाय. म्हणजे शतकानुशतकं कुणीतरी पोथी नकलून घेताना थांबलं, त्याला वाटलं की इथे काहीतरी राहिलंय, आणि त्याने ते लिहिलं. नाव नाही, गाव नाही. आणि आपल्याला आज तेच जास्त पाठ आहे. भांडारकरचे ते जाडजूड खंड मला नेहमी जगातली सगळ्यांत शिस्तशीर ठेवलेली फॅन फिक्शनची लायब्ररी वाटतात. काकांना हे वाक्य आवडत नाही, पण पुढे ऐकतात.

कारण पुढे इरावती कर्वे आहेत. डेक्कन कॉलेजातल्या इरावतीबाई, मानववंशशास्त्रज्ञ, स्कूटरवरून फिरणाऱ्या. त्यांचं ‘युगान्त’ १९६७ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या पुस्तकात बाई भांडारकरची चिकित्सक प्रत हाताशी धरून वकिलासारख्या एकेका पात्राची उलटतपासणी घेतात. भीष्म असो की कुंती, कुणाची गय नाही. पण द्रौपदीवरच्या लेखात शेवटी एका जागी त्या थांबतात आणि वाचकाला सरळ सांगतात की इथपर्यंतचं महाभारतातलं, यापुढची माझी नरोटी. आणि मग हिमालयात कोसळलेली, मरायला टेकलेली द्रौपदी काय विचार करत असेल ते लिहितात. कोणी आपल्यावर खरं प्रेम केलं, याचा हिशोब ती मांडते. भीम तिच्याजवळ येतो. पुढचं मी सांगत नाही. ते चार-दोन परिच्छेद स्वतः वाचा आणि वाचताना शेजारी कुणी नसेल असं बघा.

कडक शिस्तीची संशोधक, आणि तिला राहवलं नाही. तिने लिहिलंच. पण लिहिताना बोर्ड लावला.

आता ही नरोटी म्हणजे काय? नारळाची वाळकी करवंटी. हा शब्द या अर्थाने पहिल्यांदा वापरला संत एकनाथांनी. ज्ञानेश्वरी १२९० ची. सुमारे तीनशे वर्षं ती हातांनी नकलली गेली आणि वाटेत लोकांनी आपापल्या ओव्या तिच्यात बसवल्या. नाथांनी १५८४ मध्ये प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि शेवटी खणखणीत ताकीद दिली. जो कुणी ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी आणून ठेवली असं समजा. भांडारकरच्या पंडितांचे आद्य पूर्वजच म्हणायचे.

मग नाथ फॅन फिक्शनच्या विरुद्ध होते का? अजिबात नाही! याच नाथांनी ‘भावार्थ रामायण’ लिहायला घेतलं. वाल्मीकींची माणसं, वाल्मीकींचं जग, भाषा मात्र पैठणची आणि भाव नाथांचा. ते युद्धकांडात असताना गेले, तेव्हा उरलेला ग्रंथ गावबा या त्यांच्या शिष्याने पुरा केला असं परंपरा सांगते. म्हणजे फॅन फिक्शनचं पुढे कुणीतरी केलेलं फॅन फिक्शन. नाथांचा राग लिहिण्यावर नव्हता, लपवून घुसडण्यावर होता. करवंटी वाईट नाही. ती दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या नावाने ठेवू नका, एवढंच. आपल्या ताटात खुशाल ठेवा. आणि ही माझी, असं सांगून ठेवा.

मला वाटतं नव्याने लिहिणाऱ्याला याहून सोपा आणि याहून मोकळा करणारा नियम मिळणार नाही. ‘हे माझं, हे करवंटीच्या लायकीचं, मी काही व्यास असल्याचा दावा करत नाहीये.’ एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं की खांद्यावरचं मणभर ओझं उतरतं. आपल्याला लिहू न देणारा पहारेकरी असतो ना आत बसलेला, त्याला वाटतं की ग्रेटच लिहायचंय. त्याला आधीच सांगून टाकायचं, बाबा रे, करवंटी आहे, जा झोप.

‘युगान्त’ आलं त्याच १९६७ मध्ये शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं. पुण्याच्याच कॉन्टिनेंटल प्रकाशनाने काढलेलं. जन्मदिवसाच्या भेटीत मिळालेलं ‘मृत्युंजय’ ज्या घरात नाही असं मराठी घर मला दाखवा! सावंतांनी काय केलं, तर माईक फिरवला. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, शोण, कृष्ण बोलतात. आणि वृषाली बोलते, कर्णाची बायको, जिच्याबद्दल मूळ ग्रंथात जवळजवळ काहीच नाही. मूळ लेखक जिच्याकडे बघत नाही तिच्या हातात माईक द्यायचा, ही युक्ती आजही तितकीच चालते. आणि शाहीर विठ्ठल उमपांनी गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ आठवा. पाच नवरे असूनही द्रौपदीच्या मनात कर्ण आहे, हे लोकांनी ठरवून टाकलं आणि बिनधास्त गायलं. आजची मुलं आपल्याला हवी ती जोडी जमवण्याला ‘शिपिंग’ म्हणतात. आपल्याकडे ते संबळाच्या तालावर झालंय.

पण माझ्या मते मराठीतली सगळ्यांत मोठी फॅन फिक्शन पुस्तकात आलीच नाही. ती जात्यावर झाली.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी १९८० च्या दशकात गावोगाव जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. सुरुवात जवळच, मुळशी-मावळच्या डोंगरांत. बघता बघता हजाराहून अधिक गावं आणि एक लाखाहून अधिक ओव्या झाल्या. हा संग्रह पुढे ‘परी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, सगळ्यांसाठी खुला केलाय. त्यात सीतेच्या ओव्यांचा एक मोठा ढीग आहे. या ओव्यांतली सीता राजवाड्यातली नाही. ती सासुरवाशीण आहे. तिला घालवून दिलंय, ती रानात एकटी आहे, आणि कैकेयी ही चक्क छळणारी सासू आहे. गाणारणीने वाल्मीकी वाचलेला नव्हता, वाचणं येतच नव्हतं. पण सीतेचं दुःख तिला आतून माहीत होतं. ‘माझी सासू मला छळते’ असं पहाटे चार वाजता त्याच घरात, सासू पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना, कोण मोठ्याने म्हणेल? सीतेची छळते म्हटलं की चालतं. भजनासारखं वाटतं.

उसन्या माणसांचा खरा उपयोग तो हा आहे, सुचण्याबिचण्याच्या कितीतरी पलीकडचा. आपल्या नावाने जे बोलता येत नाही ते त्यांच्या नावाने बोलता येतं.

माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, तिला विचारून सांगतेय. बाणेरला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. नवरा सहा महिन्यांसाठी ऑनसाइट म्हणून न्यू जर्सीला गेला, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. ‘प्रोजेक्ट एक्स्टेंड झाला’ हे वाक्य त्या घरात देवघरातल्या घंटीसारखं नियमित वाजतं. सासू-सासरे हिच्याकडे असतात. भांडण नाही, मारहाण नाही, पैशांची ददात नाही. तक्रार करायची तर कशाची? नातेवाइकांना विचाराल तर तिचं एकदम सही चाललंय. तिला झोप येईना तेव्हा कुणीतरी सांगितलं डायरी लिही. तिने छान वही आणली, रेशमी फीत वगैरे असलेली. ‘आज मला’ एवढं लिहिलं की पेन अडायचं. ‘मी’ हा शब्द आला की लगेच मनात यायचं, हे कुणी वाचलं तर?

मी तिला म्हटलं, मग ‘मी’ नकोच. ऊर्मिला घे.

ऊर्मिला म्हणजे लक्ष्मणाची बायको. वाल्मीकींनी तिचं लग्न लावून दिलं आणि मग तिच्याकडे जवळजवळ पाहिलंच नाही. नवरा चौदा वर्षांसाठी भावाबरोबर ऑनसाइट गेला आणि ही अयोध्येत तीन सासवांबरोबर राहिली. हिंदीत मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये तिला मध्यभागी आणलं. तेलुगूत तर बायकांची एक गाणीच आहे, तिच्यात ऊर्मिला चौदा वर्षं झोपून काढते. (कुठल्याही सासुरवाशिणीला हा प्लॉट झक्कास वाटेल.) म्हणजे हिची जागा मोकळी आहे आणि जो येईल त्याला बसायला मिळतं.

मैत्रिणीने पहिला प्रसंग लिहिला तो असा : रथ गेला, गाव वेशीपर्यंत रडत जाऊन परत आलं, वाडा शांत झाला. आणि स्वयंपाकघरातली बाई ऊर्मिलेला येऊन विचारते, ‘आज किती जणांचं करायचं?’

बस. तेवढाच प्रसंग. दीड पान. ते मला वाचून दाखवताना तिचा आवाज एकदम नॉर्मल होता आणि माझाच बसला.

आता सवयीचं. कारण एक प्रसंग कुणीही लिहितो. प्रश्न बुधवारी काय होतं हा आहे.

लिहिण्याची सवय या विषयावर जगात इतकं बौद्धिक झालंय की ते वाचण्यातच लिहायचा वेळ जातो. अमेरिकेत २००० पासून नोव्हेंबर महिन्यात ५० हजार शब्द लिहायचा एक उपक्रम चालायचा, ‘नॅनोरायमो’. आपल्याकडचेही कित्येक जण उत्साहाने उतरायचे. ती संस्था २०२५ मध्ये बंद पडली. मला तो प्रकार कधीच आपलासा वाटला नाही. एक तर नोव्हेंबरात बऱ्याचदा दिवाळीची पाहुणेमंडळी घरात असतात, आणि दुसरं म्हणजे महिनाभर रोज सोळाशे-सतराशे शब्द हा ऑफिसवाल्या माणसाचा वेग नाही. तो क्रॅश डाएट झाला. डिसेंबरात वजन पुन्हा जागेवर.

जात्याचा वेग बघा. बाई काही ओवी करायला उठत नव्हती, दळायला उठत होती. दळण रोजचं होतं, टाळता येण्यासारखं नव्हतं, हात त्यात गुंतलेले आणि डोकं मोकळं. ओवी त्या दळणाला चिकटून आली. एका वेळी एक, दोन-चार ओळींची. तेवढीच लांबी. म्हणून लाखभर झाल्या. लिहिण्यासाठी वेगळा वेळ काढायला गेलात तर तो मिळणार नाही, मीच सांगते. जे रोज झक मारत करावंच लागतं, त्याला लिहिणं चिकटवा.

माझ्या मैत्रिणीचं जातं म्हणजे तिचा कुकर. संध्याकाळी कुकर लावला की वही फ्रिजवरून खाली येते. शिट्ट्या होईपर्यंत आणि मग वाफ जिरेपर्यंत लिहायचं. झाकण निघालं की पेन बंद, वाक्य अर्धं असलं तरी. खरं तर अर्धं असलेलंच बरं, दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हा प्रश्न उरत नाही. घरातलं कुणी विचारत नाही, कारण कुकरपाशी उभी असलेली सून हे सगळ्यांत निरुपद्रवी दृश्य आहे. पंधरा-वीस मिनिटांत दीडशे शब्द होतात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेसातशे, आणि पन्नास आठवड्यांत साडेसदतीस हजार. छोटेखानी कादंबरीच की ही! वरणभाताच्या वाफेवर शिजलेली.

तुमचं जातं दुसरं असेल. एक जण मेट्रोत वनाझला चढल्यापासून उतरेपर्यंत मोबाइलवर लिहितो. मराठी कीबोर्डने सुरुवातीला वैताग येतो, पंधरा दिवसांत बोटं वळतात. रोमनमध्ये लिहून नंतर बदलू म्हणाल तर मात्र काहीच उरणार नाही, ‘नंतर’ नावाचा वार कॅलेंडरात नसतो. दुसरी एक जण लेकाला स्विमिंगला सोडून बाकावर बसून लिहिते. फक्त एक पथ्य पाळा. पहिले तीन आठवडे कालचं वाचून सुधारायला बसू नका. आपल्यातल्या हुशार विद्यार्थ्यांना हा रोग भारी असतो. पहिलंच पान अकरा वेळा पॉलिश करतात आणि दुसरं पान जन्माला येत नाही.

आणि काय लिहायचं? सगळं रामायण नको. एक प्रसंग घ्या, तासाभरात घडून संपणारा. जिथे तुम्हाला वाचताना टोचलं होतं तिथला. पुस्तक मिटलं आणि ‘पण मग तिचं काय झालं?’ असं मनात आलं होतं ना, बरोबर तिथून. पुराणातलंच हवं असंही नाही. पुण्याच्या माणसाला मी नेहमी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुचवते. बनेश फेणे, फुरसुंगीचा, सायकलवर तुफान सुटणारा. आज फुरसुंगी म्हटलं की पुणेकराला आधी कचरा डेपो आठवतो. तो पोरगा आता आजोबांच्या वयाचा होऊन तिथेच राहत असेल तर? ‘ट्टॉक्’ म्हणायला तोंड उघडलं तर नाकात काय जाईल? बघा, सुचलं की नाही!

अडलंच तर मोरोपंतांना स्मरा. बारामतीचे मोरोपंत, अठराव्या शतकातले. त्यांनी एकाच रामाची १०८ रामायणं रचली असं म्हणतात. त्यातलं ‘निरोष्ठ रामायण’ तर ओठांना ओठ न लावता म्हणता येतं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. रामाच्या गोष्टीत ‘म’ नाही! हा माणूस आज असता तर कोडिंगमध्ये सॉलिड गेला असता. पण मुद्दा असा की गोष्ट जुनी झाली म्हणून तो थांबला नाही, स्वतःलाच एक नवी अट घातली आणि पुन्हा बसला. तुम्हीही घाला. आज फक्त संवाद. आज फक्त पत्र. आज ऊर्मिलेचं नाव न घेता ऊर्मिला.

कायद्याचं थोडक्यात, कारण पुण्यात तो प्रश्न येतोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. व्यास-वाल्मीकी सगळ्यांचेच. भागवत २००१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या बनेशची गोष्ट वहीत लिहा, मित्रांना वाचून दाखवा, मजा करा. छापून विकायचं मनात आलं तर आधी परवानगी. नाथांचाच नियम, फक्त सरकारी भाषेत.

आणि हो, हल्ली एक जण हमखास म्हणतो की कशाला एवढी मेहनत, चॅटबॉटला सांग ना, दहा सेकंदांत ऊर्मिला लिहून देईल. देईल की. चकचकीत देईल. पण करवंटी कुणाची? त्या मुळशीच्या बाईच्या वतीने यंत्राने ओवी गायली असती तर पीठ पडलं असतं, तिचं मन मोकळं झालं नसतं. मला यात तात्त्विक वगैरे काही म्हणायचं नाही. ज्याला फक्त गोष्ट हवी आहे त्याने जरूर मागावी.

वाचक किती हवेत? एक. पहिलं वर्षभर एकच. शक्यतो असा, जो ‘छान आहे’ म्हणून विषय बदलणार नाही आणि शुद्धलेखनही काढणार नाही. ‘मग पुढे?’ एवढं विचारणारा माणूस मिळाला तर त्याला जपा, त्याची कॉफी आपण भरा.

माझ्या मैत्रिणीची मी तशी वाचक आहे. तिची वही आता दुसरी चालू आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘माझी नरोटी’ आणि खाली तारीख. मध्यंतरी तिने मांडवीला आणलं, भरताच्या बायकोला. हिचा नवरा तर हाकेच्या अंतरावर नंदिग्रामात, पादुका समोर ठेवून राज्य चालवतोय आणि घरी येत नाही. वर्क फ्रॉम नंदिग्राम! दोघी बहिणी रात्री गच्चीत बसून कुणाचं बरं, लांब गेलेल्याचं की जवळ असून न येणाऱ्याचं, यावर वाद घालतात. तो वाद लिहिताना कुकरचं पाणी आटून भात करपला. सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, तर ही म्हणाली, ‘ऊर्मिलेचं लिहीत होते.’ पहिल्यांदाच घरात उच्चारलं. सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग भांडं घासायला घेता घेता म्हणाल्या, ‘सुमित्रेचं पण लिही. तिचे दोन होते, त्यातला एक गेलाच ना.’

तेव्हापासून सुमित्राही आहे गोष्टीत.

राहिलाय तो लक्ष्मण परत येण्याचा प्रसंग. चौदा वर्षं झाली, पुष्पक उतरलं, दिवे लागले, गाव नाचतंय, आणि ऊर्मिला दारात उभी आहे. ती काय म्हणते? गेले चार महिने ती तिथे येऊन थांबते आणि दुसरंच काहीतरी लिहायला घेते. मी दर आठवड्याला विचारते, ‘मग पुढे?’ परवा म्हणाली, ‘वेशीपर्यंत आलाय. आत घ्यायचा की नाही, ते अजून ठरत नाहीये.’ मागे कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.